पुडीवर नाव लिहा

आमच्याकडे डॉक्टरची ख्याती डिग्रीवरून ठरत नाही. "त्यांच्या हाताला गुण आहे," एवढं कुणी म्हटलं की दवाखान्यापुढे चपलांचा ढीग लागतो. बावीस वर्षं मी फलटणच्या बाजूला एका बाजारगावात मेडिकल चालवतोय. काउंटरच्या आतून बघताना या हातगुणाचा बराचसा भाग मला एका बारक्या गोळीत दिसत आलाय. गुडघे धरलेत, दम लागलाय, अंगावर पित्त उठलंय, ताप हटत नाही, काहीही असो, पुडी बांधली जाते. पुडीत चार रंगांच्या चार गोळ्या, त्यातली सगळ्यात लहान ती. दुसऱ्या दिवशी माणूस खुरपं घेऊन शेतात. हात डॉक्टरचा, गुण प्रेडनिसोलोन नावाच्या स्टेरॉइडचा.

कुणाला चोर ठरवायला हे लिहीत नाही. या साखळीत माझंही दुकान येतं. कसं, ते आधी सांगून टाकतो.

तीन आषाढ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावातली एक मावशी, साठीच्या आतबाहेरची, दरवर्षीसारखी लोणंदला माउलींच्या पालखीत सामील झाली. तिच्या हातापायाची बोटं आणि गुडघे दोन वर्षं 'पुडीवर' चालत होते. सुरुवातीला पुडी डॉक्टरांकडची. मग दर खेपेला तपासणीचे पैसे कोण घालवणार म्हणून चार गोळ्यांतली गुण देणारी कुठली ते तिने स्वतःच एकेक सोडून बघून ओळखलं आणि ती एक गोळी कागदात गुंडाळून माझ्याकडे आली. "ही दे." मी दिली. १० मिलिग्रॅमची, रोज एक. तिचा चेहरा गोल गरगरीत झाला, गालांवर लाली आली, पोट सुटलं आणि हातपाय मात्र काटकुळेच राहिले. बांगडी आपटली तरी मनगटावर जांभळा डाग उमटायचा. लोक म्हणायचे, मावशीची तब्येत सुधारली. मी औषधशास्त्र शिकलेला माणूस, मला त्या गरगरीतपणाचा अर्थ कळायला हवा होता. कळलाही असेल. बाजाराच्या दिवशी गर्दीत कळलेल्या गोष्टी सोयीस्करपणे विसरता येतात.

त्या वर्षी गोळ्यांचं पाकीट घरी फडताळावर राहिलं. तरडगाव, फलटण, बरड इथवर ती कशीबशी चालली. नातेपुत्याला पोचेपर्यंत उलट्या, पोटात कळा, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार. अंगातलं पाणी कमी झालं असेल म्हणून सलाईन लावलं, तरी बीपी वर येईना. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा आणि मनगटं बघितली आणि मुलाला फोन करून विचारलं, "आई रोज कुठली गोळी घेते?" मुलगा म्हणाला, "दुखण्याची." मग त्याने मला फोन लावला. माझ्याकडे बिल नव्हतं, वहीत नोंद नव्हती. होती ती फक्त माझी आठवण. मी नाव सांगितलं, त्याच जातीच्या हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं गेलं आणि संध्याकाळपर्यंत मावशी उठून बसली. दुकानात त्या दिवशी मी नसतो, माझा पोऱ्या असता, तर?

झालं होतं ते असं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल बनवते, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड. साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं कॉर्टिसॉल शरीर रोज आपलं आपण तयार करतं आणि आजारपणात, ऑपरेशनच्या वेळी, मोठ्या दगदगीत ते कितीतरी पटींनी वाढवतं. तेच बाहेरून गोळीने मिळू लागलं की ग्रंथी सुस्तावते. बसून पगार मिळालेल्या गड्याने कुदळ टाकून द्यावी तसं. तीन आठवड्यांच्या वर रोज गोळी घेतलेल्या माणसात हे होऊ शकतं, म्हणून ती एकदम तोडायची नसते, पायरीपायरीने उतरवायची असते. मावशीने दोन वर्षांनी एका रात्रीत तोडली आणि वर रोज पाच-सहा कोस चालली.

या गोळीचे दुष्परिणाम मोजायला बसलं तर पान पुरणार नाही. पण मला सगळ्यात घातक वाटतो तो हा, की ती घेणाऱ्याला नाव न सांगता दिली जाते. बाकीच्या बहुतेक गोष्टी वेळेवर दिसल्या तर सांभाळता येतात. ज्याला आपण काय खातोय हेच माहीत नाही, त्याचं काहीच सांभाळता येत नाही.

औषध वाईट नाही, हे इथेच बजावून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी उद्या सकाळी आपली गोळी गटारात टाकायला नको. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला याच जातीच्या कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. थोड्याच दिवसांत ती उठून चालू लागली. दोन वर्षांत, १९५० मध्ये, हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. औषधाच्या इतिहासात एवढी घाई क्वचितच झाली असेल. पण औषध थांबवलं की दुखणं परत यायचं, आणि चालू ठेवलं की चेहरे सुजायचे, मनाचा तोल जायचा, हेही त्याच पहिल्या रुग्णांत दिसलं होतं. म्हणजे या औषधाचे दोन्ही चेहरे जगाला पहिल्यापासून ठाऊक आहेत. 'आम्हाला नंतर कळलं' ही सबब इथे कुणालाच नाही.

गुणही मग पदरात घातले पाहिजेत. दम्याचा जोराचा झटका आला की पाच-सात दिवसांचा कोर्स जीव वाचवतो. पेम्फिगस नावाच्या आजारात अंगभर फोड फुटत जातात, स्टेरॉइड येण्यापूर्वी त्याचे बहुतेक रुग्ण मरायचे. कुष्ठरोगात नसा सुजल्या की प्रेडनिसोलोन मिळण्या न मिळण्यावर हात वाकडा होणार की नाही हे ठरतं. म्हाताऱ्या माणसाच्या कानशिलातल्या धमनीला सूज आली तर याच गोळीने डोळे वाचतात, आणि तिथे डॉक्टर रिपोर्टची वाटही बघत बसत नाहीत.

आमच्याच गल्लीतल्या एका पाच वर्षांच्या पोराला नेफ्रोटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार झाला. सकाळी उठलं की डोळ्यांवर सूज, लघवीला फेस. सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे दिवसाआड अशी प्रेडनिसोलोन सुरू झाली. पोराचे गाल फुगले, भूक एवढी वाढली की रात्री भाकरीसाठी रडायचं. शेजारणीने आईला सांगितलं, "स्टेरॉइड आहे गं, मूत्रपिंड खलास होतात." आई दुकानात आली तेव्हा थरथरत होती. पण तिच्या हातात एक वही होती. तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांनी तिला रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवून रंग बघायला शिकवलं होतं. पिवळी राहिली की ठीक, हिरवी होत गेली की प्रथिनं जातायत. सातवी शिकलेल्या त्या बाईने तीन महिन्यांच्या वहीत तारीख, रंग, गोळ्यांची संख्या आणि वजन न चुकता लिहिलं होतं. कुठल्या दिवसापासून पट्टी पिवळी झाली ते तिने मला बोट ठेवून दाखवलं. मी म्हटलं, ताई, मूत्रपिंड कशाने वाचतंय ते तुमच्याच अक्षरात लिहिलंय की. तिने गोळी बंद केली नाही.

मावशी आणि ही आई यांच्यात औषधाचा फरक नाही, फरक त्या वहीचा आहे. 'गावातल्या लोकांना सांगून काय कळणार' असं ज्यांना वाटतं त्यांना मी ती वही दाखवायला नेईन.

नाव न सांगण्यामागचं डॉक्टरांचं गणित मला समजतं. रुग्ण येतो तोच म्हणतो, "उद्या कामावर जायचंय, असं काहीतरी द्या." ऊसतोडीच्या हंगामात एक खाडा म्हणजे काय हे एसी खोलीत बसून कळायचं नाही. तीन दिवसांत गुण आला नाही तर पेशंट समोरच्या दवाखान्यात. आणि 'स्टेरॉइड' शब्द उच्चारला तर तो त्याच पावली पळतो, कारण त्याच्या डोक्यात जिममधली दंड फुगवायची इंजेक्शनं असतात. ती वेगळी, ही वेगळी, हे समजावायला पाच मिनिटं लागतात आणि बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. सगळं खरं. पण ज्या शब्दाने रुग्ण पळतो, तीच गोळी त्याला लपवून दिलेली मग कशी चालते? भीती लपवून ठेवल्यामुळेच टिकलीय. आणि तिचा फायदा तिसराच घेतो. 'शंभर टक्के जडीबुटी, स्टेरॉइडमुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या आणि दम्याच्या काही चूर्णांत तपासणीनंतर स्टेरॉइडच सापडलंय.

कोविडात तर या लपवाछपवीची जागा उघड उधळपट्टीने घेतली. १६ जून २०२० ला ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' चाचणीचे निकाल आले. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, हेही स्टेरॉइडच, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा नाही, हेही त्याच निकालात होतं. बातमीचा पहिला भाग गावोगाव पोचला, दुसरा रस्त्यात हरवला. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या मोबाइलवर रोज चिठ्ठ्यांचे फोटो यायचे, तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच मिथाइलप्रेडनिसोलोन, कधीकधी कुणा पाहुण्याच्या जुन्या चिठ्ठीवरून. दहा दिवसांचा कोर्स संपल्यावर 'बरं वाटतंय' म्हणून आणखी दहा. मेमध्ये म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी', आलं, केंद्राने राज्यांना तो आजार नोंदणीयोग्य जाहीर करायला सांगितलं, आणि त्यावरच्या अॅम्फोटेरिसिन या औषधासाठी लोक या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात धावत सुटले. सगळा दोष गोळीचा नव्हता. आधीची किंवा कोविडने उफाळलेली साखर होतीच. पण साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले की बुरशीला आयतं शेत मिळतं.

विषय निघालाच आहे तर एक सांगतो. कॉर्टिसोन सुरुवातीला बैलांच्या पित्तापासून छत्तीसेक रासायनिक पायऱ्या करून बनवायचे, सोन्याच्या भावाचं होतं. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी त्यातली सगळ्यात अवघड पायरी एका बुरशीकडून करून घेतली आणि ही औषधं स्वस्त होण्याचा रस्ता मोकळा झाला. ती बुरशी रायझोपस. म्युकरमायकोसिसच्या रुग्णांच्या नाकात सापडणारी बुरशी बहुतेक वेळा याच कुळातली असते. यातून तात्पर्य वगैरे काही निघत नाही, पण रात्री शटर ओढताना मला ते आठवतं.

आता कायद्याचं. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही सगळी स्टेरॉइडं औषध नियमांतल्या शेड्यूल एच या यादीतली. पाकिटावर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मार्च २०१४ पासून एच-१ नावाचं आणखी कडक शेड्यूल आलं. त्यात टीबीची औषधं, बरीच अँटिबायोटिक्स, झोपेच्या गोळ्या. ती विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या त्यात नाहीत. आणि डॉक्टर स्वतः पुडी देतात त्याचं काय? त्यांना दुकानाचं लायसन लागत नाही, शेड्यूल केमध्ये तशी सूट आहे. पण सूट सशर्त आहे. एचमधलं औषध दिलं तर त्याचं नाव, प्रमाण, रुग्ण, तारीख हे वहीत लिहायचं आणि वही दोन वर्षं ठेवायची. ती वही मी बावीस वर्षांत कुठल्या दवाखान्यात पाहिली नाही. आणि गंमत बघा, औषधाचं नाव कायदा वहीत मागतो. पुडीवर डॉक्टरचं नाव हवं, डोस हवा. गोळीचं नाव मात्र ज्याच्या पोटात ती जाणार त्याच्या हाती पोचावं, अशी व्यवस्थाच नाही.

मी मागतोय ते एवढंच. पुडीवर गोळीचं नाव मराठीत लिहा. तीन आठवड्यांच्या वर गोळी चालणार असेल तर रुग्णाला एक कार्ड द्या. ब्रिटनमध्ये असं निळं कार्ड कित्येक वर्षं चालत आलंय, २०२० मध्ये त्यात आणीबाणीच्या कार्डाची भर पडली. आपल्याला रंगीत छपाई नको, जाड कागद पुरे. गोळीचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख, 'मनाने बंद करू नका' ही ओळ आणि मागच्या बाजूला तपासण्यांचे रकाने.

'मग एच-१ मध्येच टाका ना' असं माझे काही मित्र म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. २०१२ च्या आसपास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना चिठ्ठी, बिल आणि फार्मासिस्टची हजेरी यांच्या कडक तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा आम्ही केमिस्टांनी केवढा आरडाओरडा केला होता. मीही केला. आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं. पण स्टेरॉइडच्या बाबतीत नुसत्या कडकपणाला एक वेगळाच काटा आहे. दोन वर्षं गोळी घेतलेली मावशी चिठ्ठीशिवाय आली आणि मी नियमावर बोट ठेवून तिला परत पाठवलं, तर मी कायदा पाळला आणि तिला नातेपुत्याच्या रस्त्याला लावलं. नवीन माणसाला दार बंद असावं, आत अडकलेल्याला जिना उतरून बाहेर काढावं लागेल. म्हणून सक्ती आणा, पण तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस अशा लोकांची गोळी हळूहळू उतरवायची सोयही आणा. नाहीतर पहिल्याच महिन्यात बेशुद्ध पडणाऱ्यांच्या रांगा लागतील.

आणि तपासण्यांचं नाव काढलं की खर्चाची ओरड होते. वजन आणि बीपी याला खर्च काय? साखरेची तर तपासणी होतेच, फक्त चुकीच्या वेळी. शिबिरात सगळ्यांना उपाशीपोटी बोलावतात. सकाळी प्रेडनिसोलोन घेणाऱ्याची साखर दुपारी जेवणानंतर ते संध्याकाळपर्यंत चढते आणि पहाटेपर्यंत उतरते. उपाशी रिपोर्ट नॉर्मल येतो, माणूस खुशीत घरी जातो. दुपारी दोन-तीन वाजता बोटाला टोचलं तर खरं कळेल. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर त्यांच्या उंबरठ्यावरचे निघाले. त्या उंबरठ्यावरच्यांना आत ढकलायला ही एक गोळी पुरते. डोळ्यांचं म्हणाल तर मोतीबिंदू दिसतो तरी, काचबिंदू न बोलता येतो, म्हणून वर्षातून एकदा दाब मोजावा. हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात वेगाने होते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरुवातीलाच लागतं, कंबर मोडल्यावर नाही. खुब्याचा सांधा मरतो तो तर तिशीतल्या माणसाचाही, मांडीच्या सांध्यात किंवा जांघेत दुखलं तर त्याला 'वात' म्हणून शेकत बसू नये. जगातले पावभाग टीबीचे रुग्ण आपल्या देशात, तेव्हा लांबचा कोर्स सुरू करण्याआधी छातीचा फोटो काढणं ही चैन नाही. आशाताई तिशीपुढच्यांचा फॉर्म भरायला घरी येतेच, तंबाखू विचारते, दारू विचारते, कमरेचा घेर मोजते. त्यातच एक प्रश्न वाढवावा: दुखण्याची किंवा दम्याची गोळी महिनाभराच्या वर चालू आहे का, दाखवा बघू.

घरच्यांसाठीही एक गोष्ट. आकडा लहान म्हणून गोळी सौम्य असं समजू नका. बीटामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी साधारण ४ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीची असते. 'अर्धाच तर आहे' म्हणून दिवसाला तीन-तीन घेणारी माणसं मी पाहिलीत. मीच दिल्यात.

नातेपुत्याच्या त्या फोननंतर मी तालुक्याला जाऊन एक रबरी शिक्का करून आणला. 'ही स्टेरॉइडची गोळी आहे. मनाने बंद करू नका. दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर आधी हे दाखवा.' स्टेरॉइडचं प्रत्येक पाकीट ज्या कागदी पिशवीत जातं तिच्यावर तो मारतो, आणि एका वहीत तारीख घालतो. चिठ्ठी नसेल तर गोळी सुरू करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून चिठ्ठी मागतो. पहिल्या महिन्यात तिघांनी गोळ्या काउंटरवर परत ठेवल्या. दोघांना समजावून परत दिल्या, तिसरा दुसऱ्या मेडिकलमध्ये गेला. एका डॉक्टरांचा फोन आला, "माझे पेशंट घाबरवायचं काय चालवलंय?" मी म्हटलं, सर, तुम्हीच पुडीवर लिहा, मी शिक्का ठेवून देतो. ते काही न बोलता फोन ठेवून गेले. त्यांच्या चिठ्ठ्या आता माझ्याकडे कमी येतात. धंद्याला फटका बसला हे खरंच आहे.

मावशीची गोळी वर्षभरात दहावरून साडेसातवर, मग पाचवर, मग एकेका मिलिग्रॅमने उतरवली. फलटणच्या संधिवाततज्ज्ञांनी दुसरं औषध सुरू केलंय, त्याच्या रक्ततपासण्या ती कुरकुरत का होईना करते. चेहरा पुन्हा तिचा स्वतःचा झालाय, आणि बायका आता तिला विचारतात, "का गं, आजारी आहेस का?" यंदा वारीला निघायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. कमरेच्या पिशवीतून घडी घातलेली माझी जुनी कागदी पिशवी काढली आणि काउंटरवर पसरली. घामाने शिक्क्याची शाई फुटली होती, 'स्टे' आणि 'नका' एवढंच वाचता येत होतं.

"पुसलाय बग," ती म्हणाली. "दुसरा मार. आन् प्लास्टिकात घालून दे, वाटंत पाऊस लागतो."